कुंपणाची दुरुस्ती

गेल्या वर्षी बाबांना जबलपूरच्या ओमतीत भर बाजारात चक्कर आली. फार काही झालं नाही, कोपर खरचटलं. पण बातमी पुण्याला दादापर्यंत गेली, आणि दादा पडला नकाशांच्या सॉफ्टवेअरमधला माणूस. त्याने लगेच घरच्या तिघांसाठी एक नकाशा बनवला. तो म्हणे क्लाउडवर असतो, म्हणजे तिघांच्या फोनवर तोच दिसतो आणि एकाने बदलला की सगळ्यांचा बदलतो. त्यावर दादा, बाबा आणि मी, असे तीन ठिपके. आमच्या मदन महल भागातल्या घराभोवती त्याने लाल रेघेचं कुंपण आखलं. बाबांचा ठिपका त्याच्याबाहेर गेला की सगळ्यांचे फोन बोंबलणार.

बाबांना कोणी विचारलं नाही. मलाही नाही, पण ते आमच्या घरी नेहमीचंच आहे.

सुरुवातीला फोन इतका वाजायचा की मी शाळेत शिकवता शिकवता वर्गाबाहेर धावायची, आणि बाबा दूध आणायला गेलेले असायचे. मग दादाने मोठी चूक केली. दवाखाना, औषधांचं दुकान वगैरे आम्हीच टाकावं म्हणून नकाशा बदलायची परवानगी त्याने आम्हा दोघांनाही दिली. अरे देवा! ज्या माणसाचा जन्म डिफेन्स फॅक्टरीच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये गेला, त्याच्या हातात तू पेन्सिल देतोस?

बाबांनी चष्मा लावला आणि बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले.

"शेजाऱ्यांच्या बाथरूममधून नेली आहे," ते म्हणाले. "काहून नेली?"

त्यांनी ती बोटाने उचलून बाहेर ठेवली. दुसऱ्या दिवशी एक कोपरा वाकडा निघाला, तोही दुरुस्त झाला. प्रत्येक दुरुस्तीत कुंपण थोडं मोठं व्हायचं, लहान कधीच नाही. मग त्याला ओमतीच्या दिशेने एक सोंड फुटली. बरोबर रस्त्याच्या रुंदीची, आणि टोकाला चहाचं दुकान, जिथे फॅक्टरीतले त्यांचे रिटायर्ड दोस्त बसतात. "चलो, येतो जरा," म्हणून बाबा निघायचे, आणि कोणाचाही फोन वाजायचा नाही.

"आजकाल बाबा ऐकून राहिले वाटतं," दादा फोनवर खूश होऊन म्हणाला. मी हो म्हटलं. का नाही म्हणू? कुंपणात बसवलेला माणूस दिवसभर टीव्हीवर ओरडायचा. चहा पिऊन आलेला माणूस माझ्याशी नीट बोलायचा.

थंडीत ती सोंड पार शहराबाहेरच्या शहपुऱ्यापर्यंत पोचली. मटार तिथलेच घ्यायचे, हा बाबांचा हट्ट. बसने गेले, बसने आले. पण दादाला काय बुद्धी झाली, त्याने नेमका तेव्हाच नकाशा उघडून पाहिला. बाबा थैली खाली ठेवतात न ठेवतात तोच त्याचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"शहपुरा? बाबा, रस्त्यात पडला असतात तर?"

"मी कुंपणातच होतो," बाबा म्हणाले.

"याला कुंपण म्हणतात का! आता मी ते फाटकापर्यंत आणून ठेवतो. आणि तुमची परवानगी बंद."

माझं डोकंच फिरलं. "तिथे बसून रेघा काय ओढतोस? आधी इथे ये!"

"येणारच आहे ना. हे प्रोजेक्ट संपू दे."

हे प्रोजेक्ट आई गेल्यापासून सुरू आहे.

बाबा मटार सोलायला बसले. मला रडू येत होतं, रागाने आणि त्यांच्याकडे बघूनही. तिकडे दादाची कीबोर्डवर टकटक चालली होती. ती मध्येच थांबली.

"हे हिरवं काय आहे? पूर्ण जबलपूरभोवती?"

"ते पण कुंपण आहे," बाबा म्हणाले.

"पण याला तर माझा ठिपका जोडलाय. मी आत आलो की तुमचा फोन वाजणार?"

"हो. ती रेघ नीट तपासून काढली आहे. तिला हात लावू नको."

दादाने हळूच विचारलं, "वाजतो का?"

बाबांनी हातातली शेंग सोलून घेतली.

"काय माहीत," ते म्हणाले. "बघायची वेळच नाही आली अजून."