चार चोक सोळा

आज स्टाफरूममध्ये कुणीतरी डबा उघडला, कारळ्याच्या चटणीचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं. सोलापुरात पीएचडी करताना माझी वळसंगची मैत्रीण हीच चटणी आणायची. आम्हा दोघींचा गणितातला प्रश्न एकच होता. काहींनी काहींच्या पुढेच उभं राहायचं, असा नियम पाळून लागणाऱ्या सगळ्या रांगा घ्यायच्या आणि एक ठरावीक माणूस सलग तीन जागांपैकी प्रत्येक जागी किती वेळा येतो ते मोजायचं. मधल्या आकड्याचा वर्ग बाजूच्या दोघांच्या गुणाकाराहून कमी कधीच नसतो. पण नेमका तेवढाच कधी होतो? मी वर्षभर दोन, चार, आठ असे वाढते आकडे शोधत होते. चार चोक सोळा, बे आठे सोळा! त्या तापलेल्या दुपारी तिने कडक भाकरी मोडली आणि सहज म्हणाली, "शून्याचं सोड, तिन्ही आकडे सारखे असले तरच जमतंय की. वाढते न्हाय चालत." आमच्या रांगांपुरता पुरावा अर्ध्या फळ्यात मावला. "झालं की गं आपलं!" म्हणत तिने अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली. त्या 'आपलं'मध्ये माझं काहीच नव्हतं, तरी मी ती अर्धी भाकरी घेतली. आता तिचा पुरावा मीच मुलांना शिकवते, आणि फळा पुसताना दर वेळी वाटतं, दोन, चार, आठ एकदा तरी कुठून तरी निघावेत.