प्रस्थानाची बॅग

हळद शिजवल्याचा वास आला की मला माझी निळी बॅग आठवते. नांदेडच्या एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी माझी मुलाखत होती आणि त्या दिवशी नेमकी अमावास्या. म्हणून आत्यानं आदल्या दिवशी मुहूर्त बघून बॅगेच्या बंदाला हळकुंड बांधलं आणि ती शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवली. याला प्रस्थान म्हणतात. सामान चांगल्या वेळी निघालं की माणूसही निघाला असं धरतात. मी बॅगेतली मूळ प्रमाणपत्रं तेवढी काढून घेऊ लागले, तर आत्या म्हणाली, "बांधलेलं प्रस्थान सोडत न्हाईत, बाई." सकाळी काकूंच्या दाराला कुलूप होतं, त्या हळद शिजवायला शेतात गेल्या होत्या. बाबा सायकल काढून किल्ली आणायला गेले आणि मी ओट्यावर उभी राहून समोरून जाणारी नांदेडची एसटी पाहिली. "काहून रडून राहिलीस? प्रस्थान तर बराबर वेळेवर गेलं व्हतं," आत्या म्हणाली. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. आत्याच्या मते आजही चूक कुलपाची आहे, आणि मी कुठं जायचं असलं की बॅग उशाशी घेऊन झोपते.