आधी सही, मग सातबारा

आमचं गाव डोंगरावर आहे आणि महाराष्ट्र, तेलंगणा ही दोन्ही राज्यं त्याला आपलं म्हणतात. म्हणून आम्हाला दोन सरपंच, दोन रेशन दुकानं आणि समोरासमोर दोन शाळा, एक मराठी, एक तेलुगू. ज्या दिवशी ज्या शाळेत अंडं शिजलं, त्या दिवशी पोरं त्या शाळेची. मी स्वतः चौथी शिकले. या व्यवस्थेत कुणाचं नुकसान होतं, ते मला कधी दिसलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात खालून साहेब आले. म्हणाले, गाव आता पूर्ण महाराष्ट्रात घ्यायचं. रस्ता होईल, सातबारा मिळेल, पीककर्ज मिळेल. त्यासाठी तेलंगणाचे कागद जमा करा आणि संमतीपत्रावर सही करा.

दोन्ही सरपंच एकाच सतरंजीवर बसले होते. ते सख्खे साडू. तिकडच्या, म्हणजे तेलंगणाच्या सरपंचाचं पद जाणार होतं, तरी तो मुकाट्यानं सुपारी कातरत होता. मला तिथंच शंका आली.

लोकांनी भराभर कागद टाकले. माझ्या सुनेनंही टाकले, आणि रेशनकार्डाच्या घडीत माझ्या पाच एकरांचा पट्टा होता. जमीन माझी असल्याचा तो कागद तेलंगणानं दिलेला. इकडच्या दप्तरात तीच जमीन जंगल म्हणून लिहिलेली आहे. पट्टा गेला की माझ्या कपाशीत जंगलवाले उभे राहणार.

मी उठले.

"साहेब, सातबारा आणला का?"

"आधी सही होऊ द्या बाई. मग प्रस्ताव वर जाईल."

"अन् वरून खाली कधी येते?"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. "थोडा विश्वास ठेवा," म्हणाले.

"बाजारात बैल इकतो, तवा पैसे हाती आल्याबिगर कासरा सोडत नाई भाऊ."

इकडचा सरपंच चिडला. "काकी, तुमच्यापायी गाव अडून राह्यलं."

"तुम्हा दोघा साडूंची जमीन खालच्या गावात, सातबाऱ्यासकट. तुमाले काय जाते?"

तिकडच्या सरपंचाचा अडकित्ता थांबला.

मी ढिगातून माझी घडी शोधली, पट्टा काढला आणि कमरेला खोचला. रेशनकार्ड परत टाकलं. सही केली नाही. माझ्यामागे आणखी दोघी उठल्या, बाकी गावानं सही केली.

सून म्हणते, सगळ्यांची जमीन नावावर होईल, तुमचीच तेवढी व्हायची राहील. राहीलही. अजून तरी सातबारा कुणालाच आलेला नाही, आणि यंदा मी पाचही एकरांत कपाशी लावली आहे.