काळजाचा रंग

घड्याळजींच्या छातीवर शस्त्रक्रिया चालली होती, तेव्हा त्यांची बायको दवाखान्याच्या बाकावर बसून धर्मसुधारक ल्यूथरचा गुलाब भरत होती. चर्चच्या व्यासपीठाचं कापड ते. पांढऱ्या गुलाबात लाल हृदय, हृदयात काळा क्रूस. हातात सुई नसती तर बाईला वेडच लागलं असतं. आता नवरा घरी येऊन उशीला टेकला होता, उद्या पहिल्यांदा उपासनेला जाणार होता, आणि देवाचे आभार म्हणून कापड उद्याच तिथे लागायला हवं होतं.

थोरली नणंद बघायला आली. चष्मा पुसून पुन्हा घातला.

"अगं, गुलाब झकास. पांढरा म्हणजे आनंद, भोवती निळं आकाश, सोन्याचं कडं म्हणजे ज्याला शेवट नाही ते. पण हृदय कुठे गेलं?"

"आहे की वन्स. क्रूसाच्या खाली."

"खाली कसलं, क्रूसाने गिळलंय."

खरंच होतं. दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार उघडलं की ती घाबरून काळ्या दोऱ्याची आणखी एक ओळ घालायची. दार फार वेळा उघडलं होतं. लाल रंगाची नुसती किनार उरली होती.

"पाचशे वर्षांपूर्वी ल्यूथरने हा शिक्का घेतला, तेव्हाच सांगून ठेवलंय," नणंद म्हणाली. "क्रूस काळा, कारण तो दुखवतो. पण हृदयाने आपला रंग सोडायचा नाही. क्रूस मारत नाही, जगवतो. हे बघून चर्चमधल्या मंडळीला वाटेल, माझा भाऊ गेला."

"काहीतरीच काय बोलता."

"मी अजून इथेच आहे," उशीवरून घड्याळजी म्हणाले. "माझा चिमटा आण."

"तुम्ही पडा गपचूप."

"केसाएवढ्या स्प्रिंगा उचलण्यात जन्म गेला माझा. दोऱ्याला काय भितो."

घड्याळजी काळे टाके उसवत गेले, मागोमाग ती लाल भरत गेली. नणंद दोघांनाही दटावत चहा देत राहिली. मध्येच त्यांच्या सदऱ्याचं बटण सुटलं, छातीवरचा उभा व्रण दिसला. तिची सुई थांबली.

"काय गं?"

"काही नाही. क्रूस एवढाच ठेवू?"

"एवढाच. पार काढू नकोस. झालं ते झालंच की."

दुसऱ्या दिवशी उपासनेत गीत गायला सगळे उभे राहिले. घड्याळजी बसूनच गायले. सुरात ते कधीच नव्हते. समोर तिचं कापड झळकत होतं, पण तिने तिकडे पाहिलंच नाही. ती ते बेसूर गाणं शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत राहिली.