टायटनवाली आत्या

माझी नणंद ताटात आकाश मांडायची. मधी भाकर, ती शनी. बाजूला एक द्राक्ष, तो टायटन, शनीचा चंद्र, त्याला लय चंद्र हायेत म्हणे पण तिला हाच एक पाहिजे, ह्याच्याच हवेचा तिचा अभ्यास. मग द्राक्षावर चिमूटभर पीठ टाकून हळूच फुंकर मारायची, अन् माझी चार वर्षांची परी तोंड उघडं टाकून बघत बसायची, की त्या उघड्या तोंडात घास. माझ्या हातचा एक घास गिळायला त्याच पोरीला अर्धा तास लागायचा.

जेवताना शनीचं नाव, मला ते अशुभच वाटायचं. म्हणलं, ताई, दुसरं काय तरी मांडा. तर म्हणली, "वहिनी, घाबरायचं तर नीट माहिती घेऊन घाबरावं." हे तिचं नेहमीचं. दूध नासलं तरी हेच, परीला ताप आला तरी हेच.

मग तिनं माहिती दिली. सूर्यातून सारखा वारा सुटतो, विजेनं भारलेल्या कणांचा. शनीभोवती चुंबकाचं कवच हाय, टायटन बहुतेक वेळ त्याच्या आतच फिरतो. पण वारा जोराचा आला की कवच आत दबतं, टायटन बाहेर उघडा पडतो, अन् त्याची सगळ्यात वरची हवा वारा थोडी थोडी घेऊन जातो.

आता मी आठवी शिकलेली, मला एवढंच कळलं की सूर्याचा वारा हाय अन् तो हवा नेतो. अन् आमची खोली गंगापूर रोडला, चौथा मजला, खिडक्या पश्चिमेला, दुपारभर ऊन. माझं माहेर निफाडचं, तिकडं द्राक्षाच्या घडाला ऊन लागू नये म्हणून कागद गुंडाळतात. भावाकडून तेच कागद मागवले अन् सगळ्या खिडक्यांना चिकटवले. संध्याकाळी ताई आली, दारातच उभी राहिली.

"वहिनी, हे काय?"

"तुमचा वारा," म्हणलं.

ती खालीच बसली, डोळ्यातून पाणी येईस्तोवर हसली. मग म्हणली, "अहो, पृथ्वीला तिचं स्वतःचं कवच आहे, वरून एवढी हवा आहे. तुमचा घड डबल कागदात आहे." सासूबाईंनी ते अख्ख्या बिल्डिंगीत सांगितलं. मला हसण्याचं नाय काय वाटलं. वाटलं ते दुसऱ्या दिवशी. शेजारच्या पोरानं परीला विचारलं, चंद्र दिवसा कुठं जातो. मी तिथंच कपडे वाळत घालत होते. परी म्हणली, "थांब, आत्याला विचारू. आईला काय माहीत नसतं."

चिमटे हातातच राहिले माझ्या. उद्या ही शाळंत जाईल, मग तर मला कायच विचारणार नाय, ह्याच भीतीनं मी ताईवर जळत राहिले, तिच्या चष्म्यावर, लॅपटॉपवर, सगळ्यावर. खोटं कशाला बोलू.

मग ताईला जर्मनीत जागा मिळाली. जायच्या दिवशी परी तिच्या गळ्याला असली चिकटली की माझ्या नवऱ्यानं ओढून काढली. ताई मला म्हणली, "वहिनी, फोन करत जा." मी हो म्हणलं अन् मनात म्हणलं, कशाला करीन मी.

आठ दिवसांनी परी ओट्यापाशी आली, इकडंतिकडं बघितलं, दुसरं कुणी नव्हतंच. "आई, टायटनची सगळी हवा गेली तर?"

"हात धुऊन सांगते," म्हणलं, अन् बाथरूमात जाऊन कडी लावली, फोन लावला.

"वहिनी? काय झालं, परी बरी आहे ना?"

"टायटनची हवा संपल का?"

मग म्हणली, "खालची हवा दाट आहे त्याची, आपल्यापेक्षा दाट. वरची जाते ती फार हळू. परी म्हातारी होईल, तिची नातवंडं म्हातारी होतील, तरी राहील." मग हळूच, "परीला द्या ना जरा."

"झोपलीय," मी म्हणलं.

बाहेर आले, परीला मांडीवर घेतलं अन् सगळं सांगितलं, एक शब्द सोडला नाय. ती माझ्याकडं बघतच राहिली.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे," मी म्हणलं. "मला माहीत हाय."