कात्रीताईच्या डोक्यातली वीज

कात्रीताईला हे नाव दुकानातल्या कात्रीवरून पडलं, असं तिचा नवरा पाहुण्यांना सांगायचा. पाहुण्यांसमोर खरं बोलायची त्याची छाती नव्हती. खरं कारण तिची जीभ होती. दहा बाय बाराच्या खोलीत तिचं ब्यूटी पार्लर होतं. दोन खुर्च्या, कोपऱ्यात तडकलेला आरसा, गरम पाण्याची किटली आणि दोऱ्याच्या रिळांनी भरलेला बिस्किटांचा डबा, एवढाच पसारा. बाया तिथे भुवया कोरून घ्यायला यायच्या आणि जाताना साऱ्या गल्लीची खबरबात घेऊन जायच्या. दोऱ्याचं एक टोक दातात धरून भुवई कोरायची असल्यामुळे जगातल्या बाकी पार्लरवाल्या त्या वेळेपुरत्या तरी गप्प असतात. कात्रीताई दातात दोरा धरूनही बोलायची आणि शब्द न् शब्द कळायचा.

चाळिशी उलटली आणि तिचे हात थरथरायला लागले. वडिलांचेही असेच थरथरायचे, त्यांच्या हातातली कपबशी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची. पण कात्रीताईने आधी अशक्तपणाला बोल लावला, मग स्वस्तातल्या दोऱ्याला, मग नवऱ्याला. शेवटी तिने गिऱ्हाइकांनाच दमात घ्यायला सुरुवात केली. "हलू नका हो!" असं ती ओरडायची, आणि गिऱ्हाइकं बिचारी श्वास रोखून बसायची.

मुख्याध्यापिकाबाई हे तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. सोळा वर्षं, एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी, दुपारी चारला त्या खुर्चीत हजर. बाईंची डावी भुवई म्हणजे शाळेची शिस्त होती. ती वर गेली की सहाशे मुलं चिडीचूप व्हायची, आणि दोन-चार शिक्षकही. तर या बाईंच्या निवृत्तीचा समारंभ होता, आणि आदल्या दिवशी त्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. कात्रीताईचा हात उडाला. दोरा सरकला आणि शाळेची निम्मी शिस्त फरशीवर पडली.

माणसाने अशा वेळी काय म्हणावं? चुकलं म्हणावं, पाय धरावेत, निदान रडावं तरी. कात्रीताई म्हणाली, "बाई, तुम्ही हललात."

बाईंनी आरशात पाहिलं, चष्मा चढवला आणि त्या उठून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी समारंभात त्यांनी पेन्सिलने काढलेली भुवई स्टेजवरच्या दिव्यांच्या उष्णतेने ओघळून गालापर्यंत आली. भाषणभर मुलं माना खाली घालून खुदुखुदु हसत होती. सोळा वर्षांचा दरारा वीस मिनिटांत मातीला मिळाला. बाई परत पार्लरची पायरी चढल्या नाहीत, आणि त्यांचं पाहून बाकीच्या बायाही समोरच्या नव्या पार्लरमध्ये जायला लागल्या.

बाकीच्या गेल्या त्याचं तिला फार काही वाटलं नाही. त्यांना तिने खिडकीतून येता-जाता यथेच्छ ऐकवून घेतलं. बाई गेल्या ते मात्र तिला लागलं. आपण त्यांच्या तोंडावर धडधडीत खोटं बोललो, हे तिला माहीत होतं. जाऊन कबूल करावं तर तिच्या जिभेला सगळं यायचं, तेवढंच यायचं नाही. म्हणून तिने स्वतःशी ठरवलं की हात बरा करायचा, बाईंना परत खुर्चीत बसवायचं आणि अशी भुवई कोरायची की मागचं सगळं फिटून जाईल.

गोळ्यांनी काही झालं नाही. एकीने चक्कर यायची आणि दुसरीने झोप. मग मोठ्या हॉस्पिटलातल्या मेंदूच्या डॉक्टरने सांगितलं की ऑपरेशन करता येईल. डोक्याला दोन बारीक भोकं पाडायची, मेंदूत खोलवर दोन तारा सोडायच्या, गळ्याच्या हाडाखाली कातडीत एक बॅटरी बसवायची, आणि तिच्यातून जाणारी बारीकशी वीज हाताची थरथर थांबवेल.

तिचा नवरा वीजमीटरचं रीडिंग घेणारा. आयुष्यभर दारोदार फिरून आकडे लिहिलेले. त्याने गंभीरपणे विचारलं, "डॉक्टर, महिन्याला साधारण युनिट किती पडतील?"

"यांच्याकडे लक्ष देऊ नका," कात्रीताई म्हणाली. "आणि डॉक्टर, भूल द्याल ना?"

"डोक्याच्या कातडीपुरतीच. तुम्हाला जागं राहावं लागेल. ऑपरेशन चालू असताना हात थांबला का, बोलणं नीट आहे का, हे बघायचं असतं."

"म्हणजे तुम्ही माझं डोकं उघडणार आणि मी गप्पा मारणार?"

"हो."

"मग जमेल," नवरा म्हणाला.

ऑपरेशनच्या सकाळी हॉस्पिटलच्या माणसाने तिचं डोकं भादरलं. केस गेल्याचं दुःख तिने गिळलं, पण कारागिरी तिला सहन होईना. "कानामागे राहिलेत. मशीन उलटं धरलंय तुम्ही. बटाटे सोलता की काय घरी?" त्या माणसाने जन्मात एवढ्या घाईने कुणाचं डोकं भादरलं नसेल. मग डोक्याला लोखंडी चौकट स्क्रूने घट्ट बसवली आणि तिला टेबलावर आडवं केलं. ड्रिल सुरू झालं तेव्हा मात्र तिची बोबडी वळली. कवटीचा आवाज आतूनच ऐकू येत होता. आपण मेलो तर बाईंना शेवटचं बोललेलं वाक्य तेच राहील, असं तिच्या मनात आलं आणि ती खरोखर घाबरली.

"कशा आहात?" डॉक्टरने वाकून विचारलं. मास्क आणि टोपी यांच्यामध्ये त्याच्या तेवढ्या भुवया दिसत होत्या.

त्या पाहून तिला धीर आला. "मी ठीक आहे. तुमच्या भुवयांचं काय ते बघा आधी. दोन्ही एकत्र कुटुंबात राहतायत. वाटण्या करून द्यायला हव्यात."

नर्स फिस्सकन हसली. डॉक्टरने तिच्या हातात पेन दिलं आणि वर धरलेल्या कागदावर गोल गोल रेघ काढायला सांगितली. रेघ करवतीसारखी आली. मग त्याने वीज सोडली, आणि तिचा हात थांबला. एवढंच झालं. पाच वर्षं जो हात स्वतःच्या मर्जीने नाचत होता तो मुकाट्याने तिच्या ताब्यात आला. तिने पुन्हा रेघ काढली, ती गुळगुळीत निघाली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला चौकटीमुळे हात पोचेना, म्हणून ती नर्सवर ओरडली.

खरी भानगड महिन्याभराने झाली. जखमा भरल्या आणि बॅटरीची मात्रा ठरवायला तिला पुन्हा बोलावलं. डॉक्टरने यंत्रावर आकडा वाढवत नेला. हात पार स्थिर झाला, आणि जीभ जड झाली. शब्द चिखलातून पाय ओढावा तसे निघायला लागले. आकडा खाली आणला की जीभ मोकळी, पण हात पुन्हा थोडा थोडा हलायचा. मधल्या आकड्यावर दोन्ही अर्धवट. तिने भाजीवालीशी करावी तशी तासभर घासाघीस केली, पण मेंदू काही भाव कमी करेना. शेवटी डॉक्टरने तिला मोबाइलएवढा रिमोट दिला. एक नंबर हाताचा, दोन नंबर जिभेचा. लागेल तसा बदलायचा.

"घरात आपण एक नंबर लावून ठेवू," नवरा म्हणाला.

तिने दोन नंबर दाबला आणि त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता राहिल्या बाई. महिन्याचं रीडिंग घ्यायला नवरा त्यांच्याकडेही जायचा. "नुसता आकडा लिहून या," तिने त्याला बजावलं. "माझं नावसुद्धा काढायचं नाही." पंचवीस वर्षांच्या संसारात या वाक्याचा अर्थ त्याला नेमका कळला होता. तो बाईंच्या दारात मीटरपाशी पाऊण तास उभा राहिला.

शनिवारी चारला बाई आल्या. कात्रीताईने साडेतीनलाच एक नंबर दाबून ठेवला होता. डोक्यावर बोटभर केस, त्यावर रुमाल, आणि तोंडाला कुलूप. बाई तिच्याकडे पाहतही नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला, खुर्चीत मागे रेलून दोन्ही हातांच्या बोटांनी भुवईची कातडी ताणून धरली आणि डोळे मिटले.

कात्रीताईने दोरा दातात धरला. हात दगडासारखा स्थिर होता. तिने डावी भुवई कोरली, एक एक केस मोजून घेतल्यासारखी. त्या खोलीत इतकी शांतता कधीच नव्हती. दोऱ्याचा चर्र चर्र आवाज तेवढा येत होता. तिने आरसा पुढे धरला. बाईंनी भुवई वर नेऊन पाहिली. भुवई व्यवस्थित वर गेली.

"छान," बाई म्हणाल्या आणि उजवीसाठी त्यांनी डोळे मिटले.

मागचं सगळं फिटायला हवं होतं. काही फिटलं नाही. कात्रीताई दोरा हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिचा अंगठा रिमोटवर गेला. दोन नंबर दाबला तर काय होईल हे तिला पक्कं ठाऊक होतं. जीभ मोकळी झाली की ती काहीतरी थट्टा करील, समोरच्या पार्लरवालीला चार शिव्या घालील, आणि वेळ टळून जाईल. तिने रिमोट खाली ठेवला.

"बाई," ती म्हणाली. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "तुम्ही... नव्हता... हलला. मी... हलले."

बाईंनी डोळे उघडले नाहीत. "माहीत आहे."

कात्रीताईने दोरा खाली ठेवला.

"चार वर्षं हलत होते तुझे हात. मला काय दिसत नव्हतं? दर वेळी जीव मुठीत धरून बसायचे मी."

"मग... का... यायचात?"

"घरी मी आणि रेडिओ. शाळेत सगळे माझ्याशी हात जोडून बोलायचे. तोंडावर फाडकन बोलणारी तू एकटी. भुवया काय गं, चिमटा घेऊन घरीही करता येतात." बाईंनी आता डोळे उघडले. "राग भुवईचा नव्हता. तू मला मूर्ख समजलीस, त्याचा होता. आणि आता हे तुझं तोंड असंच राहणार?"

कात्रीताईने नाही म्हणून मान हलवली आणि रिमोट दाखवला. दोन बोटं वर केली. मग हात थरथरवून दाखवला. बाई शिकवणाऱ्या, त्यांना लगेच उमगलं.

"मग दाब की दोन. उजवी राहू दे."

कात्रीताईने ठाम नकार दिला. एका भुवईवर गिऱ्हाईक रस्त्यावर सोडायला ती काही समोरची पार्लरवाली नव्हती. तिने दोरा पुन्हा दातात धरला आणि चार मिनिटं, घाम पुसत, नाक ओढत, डोळ्यांतलं पाणी बाईंच्या कपाळावर पडू नये म्हणून मान वाकडी करून, उजवी भुवई पूर्ण केली. आरसा धरला. मग दोन नंबर दाबला. हात हळूहळू हलायला लागले. ते तिने ॲप्रनच्या खिशात घातले आणि जीभ दातांवरून एकदा फिरवून पाहिली.

"बाई," ती म्हणाली, "निवृत्त झालात म्हणून काय दाढी राखायची ठरवलीत? हनुवटीवर बघा तीन केस, बोकडासारखे."

बाईंनी चपला काढल्या, पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घातली, आणि डोळे मिटून त्या म्हणाल्या, "हं. पुढे?"