घोडीवरून कुपवाडला

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत म्हाकूतात्यांचे, आणि माझी नोकरी जवळजवळ घालवली ती त्यांच्याच घोडीने.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. आम्ही मेंढपाळ. माझ्या वयाची पोरं मेंढरांमागे चालत होती, तेव्हा माझ्या वाट्याचं चालणंही तात्याच चालले आणि त्यांनी मला शाळेत बसवलं. घराण्यातला पहिला बी.कॉम. मी. आज कुपवाडच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये खुर्चीवर बसतो, तो त्यांच्या पायांच्या जोरावर.

त्या महिन्यात पेट्रोल पुन्हा चढलं. दिल्ली म्हणाली, मुंबईने कर कमी करावा. मुंबई म्हणाली, दिल्लीने करावा. आणि इंधन आम्ही वाचवावं, यावर मात्र दोघांचं एकमत झालं! आमच्या मालकांनी हे फारच मनावर घेतलं. सोमवारी जो पेट्रोलशिवाय कामावर येईल त्याचा हार घालून सत्कार, असा फलक त्यांनी फाटकावर लावला.

नेमकं त्याच सोमवारी सकाळी नऊ वाजता मला कायम केल्याचं पत्र मिळणार होतं. अट एकच, चौथा लेटमार्क नको. (तीन झाले होते. तिन्ही वेळा गाडी वाटेत कोरडी पडली होती.)

गावापासून कारखाना अकरा किलोमीटर. एसटीची वेळ आणि आमची वेळ कधीच जुळली नव्हती. राहता राहिली चांदणी. तात्या मेंढरं घेऊन साताऱ्याकडे गेले, तेव्हा खूर दुखावला म्हणून घोडीला आमच्या दारात बांधून गेले होते. खूर कधीच बरा झाला होता. ती दिवसभर कडबा खात माझ्या उभ्या मोटारसायकलकडे बघत असायची.

मी घोडीवरून जाणार, असं मी जाहीर केलं. सुमन, म्हणजे माझी बायको, चुलीपुढून न उठताच म्हणाली, "आवं, ती वझ्याची घोडी हाय. तिच्यावर कवा कोण बसलंय का?"

"मी पदवीधर आहे," मी म्हणालो. (या उत्तराचा घोडीशी काय संबंध, हे मला अजून सांगता आलेलं नाही.)

सोमवारी आई उजाडताच शेतात भांगलणीला गेली होती, त्यामुळे खोगीर मीच बांधलं. एका बाजूला जेवणाचा डबा, तोल राहावा म्हणून दुसऱ्या बाजूला वैरणीचं पोतं आणि मध्ये मी. सात वाजता निघालो.

गावाबाहेर पेट्रोलपंपावर मोठी रांग होती. भाव आणखी वाढणार, अशी कुणीतरी आवई उठवली होती. चांदणीने आयुष्यभर कुणाच्या तरी मागूनच चालायचं, एवढंच केलेलं. रांग दिसताच ती वळली आणि शेवटच्या स्कूटरमागे जाऊन शिस्तीत उभी राहिली. मी लगाम ओढला, टाचा मारल्या. ती हलली, पण रांग हलली तेवढीच. आमचा नंबर आला तेव्हा पंपावरच्या माणसाने नळी हातात घेऊन घोडीला नीट न्याहाळलं.

"कितीचं टाकू?"

"फुल कर गड्या," मागून कुणीतरी म्हणालं. "पावनं लांब निघालंत."

पुढे पाचेक किलोमीटरवर हळद काढून मोकळं झालेलं रान लागलं. कडेला विहीर. चांदणी रस्ता सोडून आत शिरली आणि रानाच्या मधोमध थांबली. मी चुचकारलं, रागावलो, शेवटी इंग्रजीतही बोलून पाहिलं. मग खाली उतरलो, आणि ओझं कमी झालं तर चालेल म्हणून खोगीरही उतरवलं. त्याबरोबर ती खाली बसली, लोळली आणि चारही पाय वर केले.

मी आईला फोन लावला. कुठं हायस, असं तिने विचारलं. मी सांगितलं.

"मोकळं रान आन जवळ पाणी. तिचा तळ पडला," आई म्हणाली. "खोगीर उतारलंस का?"

"व्हय."

आईने खुरपं खाली टाकल्याचा आवाज फोनमधून आला. "खोगीर उतारलं की तिचा दिस संपला, किसना. आता उद्याच्याला. आपल्यातलं शेंबडं पोर बी सांगंल हे."

मला कुणी सांगितलं नव्हतं. हे शिकायच्या दिवसांत मी शाळेत होतो.

"मग आता काय करू?"

"वझं तू घे आन चालाय लाग. वझं चाललं की ती मागनं चालती."

सव्वाआठ वाजले होते. मी खोगीर पाठीवर घेतलं, पोतं डोक्यावर घेतलं, डबा दातांत धरला आणि पळत सुटलो. मागून चांदणी, मोकळ्या अंगाने, फिरायला निघाल्यासारखी. मोटारसायकलवाले वेग कमी करून बघत होते. (तेवढंच त्यांचंही पेट्रोल वाचलं असेल.)

फाटकावर पोचलो तेव्हा नऊ वीस. वॉचमनने विचारलं, "हिनं तुला आणलं, का तू हिला?"

मालक हार घेऊन उभेच होते. बाकीचे सगळे अलीकडच्या चहाच्या टपरीमागे गाड्या लावून चालत आले होते आणि पकडले गेले होते. मालकांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हार चांदणीच्या गळ्यात घातला. फोटो निघाला. त्यात मीही आहे, खोगिराखाली.

तात्यांना ऐकू कमी येतं, आणि हा विषय फोनवर ओरडून सांगण्यासारखा नव्हता. म्हणून त्यांच्या तळाजवळच्या शेतकऱ्याच्या पत्त्यावर पत्र टाकलं:

"तीर्थरूप तात्यांस किसनाचा साष्टांग नमस्कार. घोडीची तब्येत उत्तम आहे. हे पत्र जो वाचून दाखवेल त्याला हळू आवाजात वाचायला सांगणे. तुम्ही मला शिकवलंत, ते वाया जाऊ देणार नाही. मी आता रोज सहाला चालत निघतो आणि त्या सोमवारनंतर एकही लेटमार्क नाही. माझी परीक्षेची मुदत मालकांनी तीन महिने वाढवली आहे. पण कारखान्याच्या आवारात माल ओढायला टेम्पोचं पेट्रोल परवडत नाही म्हणून चांदणीला ते उद्यापासून ठेवून घ्यायला तयार आहेत. तिची तीन महिन्यांची परीक्षाही घेणार नाहीत. तरी तुमचा होकार लगेच कळवावा. आपल्या घरातलं कुणीतरी कंपनीत कायम झालेलं मला बघायचं आहे."